पावसाळ्यातली कोंदट हवा: एक्झॉस्ट फॅन की डिह्युमिडिफायर?

जळगावात मे महिन्यात हवेतलं पाणी शोधून सापडत नाही. जुलै लागला की तीच हवा घरात ठाण मांडते. कपाटामागच्या भिंतीला काळे ठिपके, गोधडीला कुबट वास, पापड मऊ.

एक्झॉस्ट फॅन स्वस्त, वीजही कमी खातो. भरताची वांगी भाजताना, मिरच्यांची फोडणी देताना त्याला तोड नाही: धूर, वाफ, ठसका थेट बाहेर. पण तो जेवढी हवा बाहेर काढतो तेवढीच बाहेरून आत येते. झड लागलेली असेल तर ती ओलीच येणार. म्हणजे वाफ गेली, ओल राहिली.

डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, हवा गार कॉइलवरून नेतो, वाफेचं पाणी टाकीत जमतं. दारं-खिडक्या लावून झोपायच्या खोलीत चालवला तर आर्द्रता ६० टक्क्यांखाली आणता येते आणि बुरशीला जोर धरता येत नाही. मात्र खोली थोडी गरम होते, टाकी रिकामी करत बसावं लागतं आणि धूर किंवा शिळी हवा तो बाहेर टाकत नाही.

माझं मत? आधी स्वयंपाकघर-बाथरूमला फॅन. गच्ची गळत असेल तर डिह्युमिडिफायरचे पैसे वॉटरप्रूफिंगला घाला, नाहीतर टाकी उपसतच बसाल. ओल तरीही हटत नसेल, घरात दम्याचं माणूस असेल, तर मात्र डिह्युमिडिफायर घ्या.

आणि कूलर? ऑगस्टात तो पाणी घालून मुळीच लावू नका.