कमरेला ४६ तास: केमोच्या फुगा-पंपाबद्दल

या पंपाला मोटर नाही, सेल नाहीत, अलार्म नाही. कडक पारदर्शक कवचात एक रबरी फुगा, त्यात औषध दाबून भरलेलं, आणि नळीच्या टोकाला केसासारखं बारीक छिद्र असलेला एक रोधक. फुगा आकसायला बघतो, रोधक औषधाला धावू देत नाही. संपलं यंत्र. माझी सगळी नोकरी प्रेशर गेज आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करण्यात गेली, त्यामुळे मला तर हा पहिल्या नजरेतच आवडला. आमच्या हिला मात्र आवाज न करणाऱ्या यंत्राचा भरवसा वाटत नव्हता.

मला मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, यकृतात पसरलेला. दर १४ दिवसांनी फोलफॉक्सची, म्हणजे तीन औषधांच्या केमोची, सायकल. हॉस्पिटलच्या डे-केअरमध्ये आधी दोन तास ऑक्सालीप्लॅटिन आणि ल्युकोव्होरिन, मग ५-एफयूचा (फ्लुओरोयुरासिल, मुख्य केमो औषध) एक झटपट डोस, आणि बाकीचं ५-एफयू या पंपातून ४६ तास, छातीच्या कातडीखाली बसवलेल्या पोर्टमध्ये, म्हणजे शिरेला जोडलेल्या डबीत. म्हणजे खुर्चीतून उठायचं आणि पंप कमरेला लावून घरी जायचं. नाहीतर दोन रात्री वॉर्डात काढायच्या.

इतकं हळू कशाला? ५-एफयू रक्तात फार वेळ टिकत नाही, काही मिनिटांत निम्मं होतं. १९९८ साली सहा ट्रायलांची आकडेवारी एकत्र करून बघितली, तेव्हा संथ धारेने दिलेल्यांपैकी २२ टक्के जणांच्या गाठी आटल्या होत्या, झटपट सुईने दिलेल्यांपैकी १४ टक्के. रक्तपेशी गंभीरपणे उतरण्याचं प्रमाण ४ विरुद्ध ३१ टक्के. आयुष्य वाढलं म्हणावं तर फरक जेमतेम, महिन्याच्या आतबाहेर. आणि तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटण्याचा त्रास उलट संथ धारेतच जास्त, ३४ विरुद्ध १३ टक्के. तो मलाही झाला. चप्पल घालताना टाचेची कड चुरचुरते. मलम सकाळ-संध्याकाळ, गरम पाण्याने अंघोळ बंद.

आता पंपाची खरी गंमत. धार तापमानावर ठरते. औषध गरम झालं की पातळ होतं आणि पंप लवकर रिकामा होतो, थंडावलं की रेंगाळतो. म्हणून रोधक कातडीला चिकटवून ठेवायचा, कारण पंपाचं मोजमाप अंगाच्या उबेवर केलेलं असतं. पट्टी सुटून रोधक लोंबकळू लागला तर ४६ तासांचं गणित बिघडलंच. फुगा फार वर किंवा फार खाली ठेवला तरी थोडा फरक पडतो. काही तास अलीकडे-पलीकडे होणं या पंपांत धरलेलंच असतं, त्याला घाबरायचं नाही. मध्यरात्रीच रिकामा झाला तर मात्र फोन करायचा.

पहिल्या रात्री फुगा लहान झालेला डोळ्यांना कळतच नाही आणि घरचे म्हणतात, 'अहो, हे चालू आहे ना?' मी वजनकाटा काढला. नळी ढिली सोडून पंप काट्यावर ठेवायचा आणि आकडा लिहून ठेवायचा. आमच्या पंपातून तासाला ५ मिली जातं, म्हणजे तासाला साधारण ५ ग्रॅम कमी व्हायला हवं. रात्री दहाला आणि पहाटे चारला वजन केलं, तीसच्या आसपास ग्रॅम उतरले होते. मग हीसुद्धा झोपली.

एक गैरसमज मी डे-केअरच्या खुर्च्यांवर सारखा ऐकतो: 'पंप लावला आणि बोटांत मुंग्या सुरू झाल्या.' मुंग्या पंपाच्या नाहीत हो, त्या आधीच्या सलाईनमधल्या ऑक्सालीप्लॅटिनच्या. गार पाण्याच्या घोटाने घसा आवळल्यासारखा होतो, फ्रीजची कडी हाताला डसते. हा त्रास काही दिवसांत ओसरतो. दुसरा प्रकार सायकलीगणिक साठत जाणाऱ्या बधिरपणाचा. तो औषध थांबवल्यावरही काही महिने वाढू शकतो, म्हणून शर्टाची बटणं लागेनाशी होण्याआधीच डॉक्टरांना सांगायचं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ट्रायलमध्ये ऑक्सालीप्लॅटिन जोडल्यावर आजार वाढायला लागणारा काळ ६.२ महिन्यांवरून ९ महिन्यांवर गेला, पण १८ टक्के लोकांना नसांचा गंभीर त्रास झाला. माझं ऑक्सालीप्लॅटिन सध्या थांबवलंय, पंप चालू आहे.

यंत्राला माझे पाचपैकी साडेचार. त्याच्याबरोबर येणाऱ्या सेवेला दोन, तेही सिस्टरांकडे बघून. हातात दिलेल्या कागदावरचा मदत-क्रमांक ऑफिसच्या वेळेतच उचलला जायचा, आणि पंप तर दोन्ही रात्री चालू! ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ ताप आला तर सकाळची वाट बघायची नसते, पेशी उतरलेल्या असताना तासांनी फरक पडतो. हे त्या कागदावर होतं, पण सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात. शेवटी एका सिस्टरने वॉर्डाचा रात्रीचा नंबर पेनाने पंपाच्या लेबलवरच लिहून दिला. पहिला पंप लावण्याआधी डीपीडी तपासणीचंही विचारा. शरीरात ५-एफयू मोडणारं हे एन्झाइम कमी असलेल्यांना नेहमीचा डोस जिवावर बेतू शकतो. युरोपच्या औषध संस्थेने २०२० पासून ही तपासणी आधी करण्याची शिफारस केली आहे. मला कोणी आपणहून सांगितलं नव्हतं.

आणि तो अर्धा गुण कुठे गेला? कमरेच्या पिशवीत. पट्टा कुशीवर वळलं की सरकतो, नळी बक्कलखाली येऊन मुडपते, आणि अलार्म नसल्याने कोणाला पत्ता लागत नाही. मी पट्टा काढून टाकला. आता पिशवी गळ्यात तिरकी अडकवतो आणि झोपताना उशीशेजारी ठेवतो, नळीचा एक सैल वेटोळा सदऱ्याला चिकटपट्टीने लावून.