एनिओ मोरिकोने: पावसाळ्यापासून थंडीपर्यंत ऐकल्यानंतरचा अनुभव

ज्यांना इटालियन चित्रपटसंगीतकार मोरिकोने म्हणजे ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ या वेस्टर्न सिनेमातली कोल्हेकुई, एवढंच हवंय त्यांनी एखादा संकलित अल्बम घ्यावा आणि सुखात राहावं. मी पावसाळा सुरू झाल्यापासून रोज थोडा थोडा ऐकतोय, जमेल तसा कालक्रमाने. आता थंडी पडलीय. एवढ्या वापरात काय टिकलं आणि काय झिजलं, ते सांगतो.

सगळ्यात आधी झिजली ती नेमकी हीच १९६६ची प्रसिद्ध धून. तिच्यातली हुशारी मान्यच आहे: तोच स्वरसमूह एका पात्रासाठी बासरीवर, दुसऱ्यासाठी ओकारिना या छोट्या फुंकवाद्यावर आणि तिसऱ्यासाठी माणसांच्या गळ्यातून येतो. पण पहिल्या फटक्यात पकडायला केलेली चीज आहे ती, पुन्हापुन्हा ऐकायला नाही. त्याच सिनेमातली ‘द एक्स्टसी ऑफ गोल्ड’ मात्र अजून ताजी आहे. गायिका एद्दा देल्ल’ओर्सोचा शब्दांविना चढत जाणारा आवाज आला की हातातलं काम थांबतंच.

खरी मजा सापडली ती सिनेमाबाहेरच्या कामात. मोरिकोनेचे वडील ट्रम्पेटवादक. स्वतः तो रोमच्या सांता चेचिलिया या संगीत विद्यालयात ट्रम्पेट आणि संगीतकार पेत्रास्सीकडे रचना शिकलेला, आणि पोटासाठी आरसीए या रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांचा संयोजक. आपल्याकडे ज्याला अरेंजर म्हणतात तेच काम. गायक जानी मेच्चाच्या ‘इल बारात्तोलो’ या गाण्यात घरंगळत्या डब्याचा आवाज त्याने थेट वाद्यवृंदात बसवला. गायिका मीनासाठी केलेल्या ‘से तेलेफोनांदो’त तर मुख्य चाल फक्त तीन सुरांची. तीन सूर चार ठोक्यांच्या तालावर फिरवले की दर फेरीला वजन वेगळ्या सुरावर पडतं. गाणं पॉप आहे, तरी आतलं गणित पक्क्या शास्त्रशुद्ध माणसाचं.

हे ऐकलं की या वेस्टर्न सिनेमांचा दिग्दर्शक सर्जिओ लिओने याच्याबरोबरचं काम वेगळं ऐकू येतं. दोघे प्राथमिक शाळेत एका वर्गात होते हा किस्सा सगळे सांगतात. मला जास्त महत्त्वाची वाटते ती १९६४च्या ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’च्या शीर्षकसंगीताची जन्मकथा. पीटर टेव्हिस नावाच्या गायकासाठी मोरिकोनेने एका अमेरिकी लोकगीताचं संयोजन केलं होतं: चाबूक, घंटा वगैरे. लिओनेला आवडलं ते संयोजन. मग जुनं गाणं काढून तिथे नवी चाल बसवली आणि ती अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनीने शिट्टीवर वाजवली. म्हणजे आवाजाचा रंग आधी ठरला, चाल मागून आली. पुढच्या पन्नास वर्षांचं बरंच काम मला या एका गोष्टीवरून उलगडलं.

‘शोले’तला माउथ ऑर्गन ज्यांच्या कानात मुरलाय त्यांनी १९६८च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मधला जरूर ऐकावा. गोडवा शून्य. खरखरतो, कण्हतो. का, ते सिनेमाच्या शेवटी कळतं, म्हणून इथे फोडत नाही. या सिनेमाचं संगीत चित्रीकरणाआधीच तयार होतं आणि सेटवर वाजवलं जायचं. नटांच्या चालण्यात ते दिसतं.

‘द मिशन’ (१९८६) हा माझ्या मते कळस. ओबो या फुंकवाद्याची धून, चर्चचं समूहगान आणि दक्षिण अमेरिकेतल्या स्थानिकांच्या तालाचा धागा आधी वेगवेगळे येतात आणि ‘ऑन अर्थ अ‍ॅज इट इज इन हेवन’मध्ये एकावर एक चढतात. तरी कुणीच कुणाला दाबत नाही. ऑस्कर ‘राउंड मिडनाइट’ला गेलं. असो. मानद पुरस्कार २००७मध्ये आला आणि स्पर्धेतला थेट २०१६मध्ये, ८७व्या वर्षी, ‘द हेटफुल एट’साठी. त्यातल्या ‘बसून’ या खर्जातल्या फुंकवाद्याची घरघर झकास आहे, पण थोडा माल १९८२च्या ‘द थिंग’मधला न वापरलेला, हेही जाता जाता लक्षात असू द्या. आणि ‘सिनेमा पॅरादिसो’ची ती सगळ्यांना रडवणारी प्रेमाची धून मूळ मुलाची, आंद्रेआची.

आता तक्रारी. चारशेहून जास्त सिनेमे आणि मालिका. त्यात उजळणी भरपूर: तेच गिटार, तोच स्त्री-आवाज, तेच हार्पसिकॉर्ड. सत्तरच्या दशकातल्या इटालियन थरारपटांचं संगीत एका बैठकीत दोन अल्बमपेक्षा जास्त झेपत नाही. ‘नुओवा कोन्सोनान्झा’ या प्रयोगशील गटातलं त्याचं ट्रम्पेट तर घरात स्पीकरवर लावूच नका. काहीतरी बिघडलंय असं समजून कुणीतरी बघायला येतं.

दुसरा वैताग नकलांचा. त्याच्या नावाखाली भलत्याच वाद्यवृंदांनी वाजवलेल्या आवृत्त्या ढिगाने आहेत. १९६८मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेली ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’सुद्धा ह्यूगो मॉन्टेनेग्रोची होती. साठ-सत्तरच्या दशकातल्या अल्बमवर वाद्यवृंदाचा संचालक म्हणून ब्रुनो निकोलाईचं नाव दिसलं, तर सहसा माल अस्सल.

नव्याने ऐकणाऱ्यांनी ‘द मिशन’पासून सुरू करावं, मग उलटं साठच्या दशकात जावं, वेस्टर्न मधे मधे. हेडफोन बरे असावेत, कारण हा माणूस शांतता मोकळ्या हाताने वापरतो. ‘वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका’तली ‘डेबोराज थीम’ लोकलमध्ये मुळीच लावू नका. तिच्यातल्या प्रत्येक थांब्यात पुढच्या स्टेशनची घोषणा ऐकू येते.