सिंगर ३१-के दुरुस्ती, मेन रोड परिसर, नाशिक: हात कसबी, पण रंगाला नाही म्हणा

काम असं होतं. सिंगर ३१-के, सरळ टाक्याची कारखानी मशीन, ओलीत राहून पूर्ण जाम. हातचाक हलत नव्हतं, मागच्या बिजागरीजवळ बेडचा कान तडकलेला आणि दाबपायाच्या जागी भलत्याच मापाचा स्क्रू ठोकलेला. दुकान मेन रोडच्या मागच्या गल्लीत आहे. बाकावर उजेड चांगला, सुटे भाग ट्रेमध्ये क्रमाने मांडलेले. मजुरी आणि सुटे भाग वेगवेगळे लिहून देतात, काढलेले जुने भाग पिशवीत घालून परत देतात. एवढ्यावरूनच विश्वास बसायला सुरुवात होते.

पहिले गुण जोर न लावल्याबद्दल. जाम मशीनच्या चाकाला पाइप-पाना लावला की चाकाचे स्क्रू सरकून शाफ्टवर ओरखडे पडतात, कधी बिडाचं चाकच तडकतं. इथे मशीन उलटी करून प्रत्येक तेलछिद्रात डिझेल आणि पातळ मशीन तेल निम्मं निम्मं सोडलं, रात्रभर मुरू दिलं. दुसऱ्या दिवशी बूशच्या (शाफ्ट ज्यात फिरतो त्या धातूच्या कड्यांच्या) जागा गरम हवेने तापवल्या आणि चाक बोटभर पुढे, बोटभर मागे असं सोडवत नेलं. जुन्या मशीन बहुतेकदा गंजाने कमी आणि वाळलेल्या तेलाने जास्त अडकतात. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल घातलं असेल तर त्याचा डिंकच होतो.

नेमकं काय अडकलंय हे शोधण्याची त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. सगळं एकदम खोलत नाहीत. वरच्या शाफ्टला जोडलेले दांडे एकेक करून सोडवतात आणि प्रत्येक वेळी चाक फिरवून पाहतात. इथे वरचा शाफ्ट मोकळा निघाला, सुईदांडीही. अडकला होता तो खालचा शटल शाफ्ट, म्हणजे सुईचा धागा पकडणारं शटल हलवणारा दांडा. त्याच्या बूशमध्ये गाळ बसला होता. सराफ बाजार, भांडी बाजार भागात २ ऑगस्ट २०१६ च्या पुराचं पाणी शिरलं होतं. जुन्या नाशकातून मशीन विकत घेताना म्हणून तेलछिद्रात तार घालून बघाच. तारेला चिकट तपकिरी तेल लागलं तर ठीक, बारीक वाळू लागली तर किंमत पाडून मागा.

तडकलेल्या कानाचं कामही बरोबर झालं. मशीनचा सांगाडा बिडाचा. त्यावर साध्या रॉडने आर्क वेल्डिंग केलं तर जोडाच्या शेजारीच नवी चीर पडते, कारण बीड एका जागी झटकन तापून झटकन निवतं. कारागिराने तडीच्या टोकाला बारीक भोक पाडून ती पुढे सरकणं थांबवलं, कडा तासून व्ही आकाराची खाच केली आणि तो भाग पितळी ब्रेझिंगसाठी (पितळ वितळवून जोडण्यासाठी) ओळखीच्या वेल्डरकडे दिला. आधी सगळा भाग तापवायचा, जोड द्यायचा, मग कोरड्या वाळूत पुरून सावकाश निवू द्यायचा. बूश घासून अंडाकार झाले असतील तर गनमेटलचे नवे बूश सातपूर किंवा अंबडच्या टर्निंगवाल्याकडून करून मिळतात. इथे ती वेळ आली नाही.

स्क्रूच्या बाबतीत सावध राहायला हवं. सिंगरचे आटे मेट्रिक नाहीत. तिचा एक नेहमीचा स्क्रू ९/६४ इंचाचा, इंचाला ४० आट्यांचा. त्या भोकात ४ मिमीचा मेट्रिक स्क्रू दाबून बसवला की आटे कायमचे जातात. कारागिराने भोक त्याच मापाच्या टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) साफ केलं आणि भंगारातल्या मशीनचा मूळ स्क्रू लावला. लुधियानाचे नवे सुटे भाग नाशकात सहज मिळतात, पण शटल आणि स्क्रू यांत जुना अस्सल भाग मिळाला तर तोच घ्यावा.

टायमिंग, म्हणजे सुई आणि शटल यांचा मेळ, मापून केलं, नजरेने नाही. सुई सगळ्यात खाली नेली, तिथून सुमारे २ मिमी वर आणली. त्या क्षणी शटलचं टोक सुईच्या खोबणीच्या मध्यावर, छिद्राच्या वरच्या कडेपासून १ ते १.५ मिमी वर हवं. सुई आणि टोक यांत जेमतेम ०.०५ ते ०.१ मिमी अंतर, म्हणजे घासायचं नाही आणि पातळ कागदाहून जास्त फटही नको. फट वाढली की जीन्सच्या जाड शिवणीवर टाके सुटतात. तिथे लोक धाग्याचं टेन्शन पिळत बसतात, पण दोष शटलचा असतो. फीड शाफ्टच्या टोकांचे टोकदार स्क्रूही नीट लावले होते. शाफ्टला हादरा नाही, तरी हात सोडला की तो स्वतःच्या वजनाने खाली पडतो. हीच त्याची खरी परीक्षा.

आता उणिवा. शटलची रेस, म्हणजे शटल ज्यात फिरतं ती खोबण, खरखरीत पॉलिश पेपरने घासायची सवय इथेही आहे. रेस ही घासून गुळगुळीत करायची जागा नव्हे. गंजाचा डाग असेल तर १००० नंबरच्या पेपरने तेलासह हलक्या हाताने, तेवढ्याच डागावर. जास्त घासलं की शटल सैल होतं आणि धागा मागे जाऊन गुंता करतो. काम देतानाच हे बजावून सांगा. दुसरं, “रंग मारून नवी करून देतो” हा आग्रह. रंगाने सोनेरी नक्षी जाते आणि तो तेलछिद्रांत उतरला की वर्षभरात बूश कोरडे पडतात. धुऊन, तेलाच्या फडक्याने पुसून काळा मुलामा छान उजळतो.

मोटरचा सल्ला तर चुकीचाच: २८८० फेऱ्यांच्या क्लच मोटरला ९० मिमीची पुली लावा म्हणे. याच ३१ मालिकेतल्या ३१-१५ या मॉडेलची कमाल गती मिनिटाला २२०० टाके. त्या पुलीवर चाकाची खाच १०० मिमी असेल तर गती जवळपास २६०० होते. ८०-९० वर्षांच्या मशीनला हे सोसत नाही. मोटरची पुली ५० मिमीची करा म्हणजे गती १४४० वर येते, किंवा सरळ सर्वो मोटर लावून गती १२०० वर बांधून टाका. सीट-कव्हर, ढोलाच्या खोळी, सिंहस्थासाठी येणारं मंडप-कनातीचं काम, यातलं कशालाही याहून जास्त वेग लागत नाही.

खोलणं, जोडणं आणि टायमिंग यासाठी पाचपैकी साडेचार. रेस आणि मोटरमुळे एकूण साडेतीन. मशीन ताब्यात घेताना स्वतःचा धागा आणि कापड घेऊन जा. जीन्सच्या दोन थरांवरून सहा थरांवर आणि परत दोनवर न थांबता शिवून घ्या. शिवणीत टाका सुटला तर पैसे देण्याआधी शटलची फट पुन्हा तपासायला सांगा. घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात रोज प्रत्येक छिद्रात पांढऱ्या मशीन तेलाचे दोन थेंब सोडा आणि रिकामी दोन मिनिटं चालवा. आत राहिलेलं डिझेल तेल पातळ करतं, ते असंच बाहेर निघतं. सुरुवातीला काळं तेल ओघळेल, ते पारदर्शक येईपर्यंत चांगलं कापड मशीनवर घेऊ नका.