मोठ्या तोंडाचा एअरफ्लो मीटर आणि माझे बसलेले इंजिन

माझ्याकडे 2005 ची ऑक्टेव्हिया आरएस आहे. तिचे 1.8 लिटरचे टर्बो इंजिन कंपनीकडून 150 अश्वशक्तीचे येते. मोठा टर्बो आणि इंटरकूलर बसवून ते 250 च्या पुढे नेण्याच्या नादाला मी लागलो होतो. इंजिनात जाणारी हवा मोजणारा मूळ एअरफ्लो मीटर वरच्या आरपीएमला 5 व्होल्टपाशी अडकत असे, म्हणजे त्यापुढे कितीही हवा आत गेली तरी ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, ती दिसत नसे. मीटर बदलणे भाग होते, आणि इथपर्यंत माझे काही चुकले नव्हते.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात अशी कामे होतात, असे एका मित्राकडून कळले. मालकाने 76 मिलिमीटर व्यासाचा मीटर पुढ्यात ठेवून सांगितले, "ओरिजिनल बॉश आहे, 400 घोडे आरामात मोजतो. मायकोत आपली ओळख आहे साहेब, माल थेट तिथूनच येतो." सातपूरच्या त्या कारखान्याला नाशिककर अजूनही मायकोच म्हणतात आणि त्या नावावर इथे डोळे झाकून विश्वास बसतो. तिथे डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर बनतात हे मला ठाऊक होते, तरीही पेट्रोल गाडीचा मीटर तिथून कसा येईल, हा साधा प्रश्न मला सुचला नाही. मीटरचे 32,000, मिनिटाला 550 सीसी इंधन सोडणाऱ्या चार इंजेक्टरांचे 36,000 आणि "खास मॅपिंग"चे, म्हणजे ईसीयूतले तक्ते नव्या सुट्या भागांनुसार बदलण्याचे, 40,000, असे 1,08,000 रुपये मी दोन दिवसांत यूपीआयने भरले. पावती म्हणून वहीच्या कागदावर "टर्बो काम" एवढेच लिहून मिळाले.

काम झाल्यावर घोटीच्या दिशेने चाचणी झाली. पूर्वी 5 व्होल्टला टेकणारा आकडा आता 4.3 वर थांबत होता आणि फुल थ्रॉटलला हवा-इंधनाचे प्रमाण 11.8 दिसत होते, जे टर्बो गाडीसाठी अगदी योग्य आहे. मी समाधानाने घरी आलो. खरी गोम त्या दोन आकड्यांतच होती.

हा मीटर नळीतली सगळी हवा मोजत नाही. त्याच्या तापलेल्या पातळ पट्टीवरून जाणारी थोडी हवा ती पट्टी किती थंड करते, यावरून तो एकूण हवेचा अंदाज देतो. म्हणून तोच मापक 60 मिलिमीटरच्या नळीतून काढून 76 मिलिमीटरच्या नळीत बसवला, तर क्षेत्रफळ 1.6 पट झाल्यामुळे 160 ग्रॅम हवा जाताना तो 100 ग्रॅमच सांगतो. व्होल्टेज उतरले ते मीटरची क्षमता वाढली म्हणून नव्हे, तर तो कमी सांगू लागला म्हणून. मूळ 317 सीसीच्या जागी आलेल्या 550 सीसीच्या इंजेक्टरांनी ती तूट आपोआप भरून काढली, त्यामुळे इंधनाचा आकडाही बरोबर दिसला आणि मॅपिंगला हात न लावताच त्याचे पैसे घेता आले. मात्र इंजिनवर भार कमी आहे अशी ईसीयूची समजूत झाली आणि कमी भाराला साजेसे, म्हणजे फार लवकर, इग्निशन (ठिणगी) ती देऊ लागली. खरा भार जास्त असताना अशा लवकर ठिणगीने इंधन अवेळी भडकते आणि पिस्टनवर घाव बसतात; यालाच नॉकिंग म्हणतात.

सहा आठवड्यांनी कसारा घाट चढताना बॉनेटखालून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला. इगतपुरीपर्यंत गाडी कशीबशी आली, तोवर मागे निळा धूर होता. इंजिन उघडल्यावर दुसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनचा, दोन रिंगांच्या मधला काठ तुटलेला निघाला.

दुसऱ्या मेकॅनिकने ईसीयूतली फाइल वाचली, तर ती कंपनीचीच होती, एक आकडाही बदललेला नव्हता. नवा मीटर बसवल्यानंतरच्या माझ्या नोंदीत 5,500 आरपीएम आणि 1.2 बार बूस्टला सेकंदाला 110 ग्रॅम हवा होती. इंजिनाच्या आकारमानावरून हिशेब केला तर ती 170 ते 180 यायला हवी. मीटर हातात घेतल्यावर तर लाजच वाटली: अॅल्युमिनियमच्या नळीत आतून लेथच्या रेघा होत्या, प्रवाह सरळ करणारी जाळी नव्हती, आणि नखाने लेबल उचलल्यावर खाली दुसऱ्याच क्रमांकाचे अर्धवट खरवडलेले लेबल होते.

मीटर मोठा घ्यायचा असेल, तर त्या नळीसह मोजलेला व्होल्ट आणि ग्रॅम यांचा तक्ता विक्रेत्याकडे मागावा आणि तो ईसीयूत भरल्याचे आपल्यासमोर दाखवायला लावावे. तपासायला एक सोपी खूणही आहे: गरम झालेले 1.8 लिटरचे इंजिन एसी बंद ठेवून आयडलला (गाडी उभी असताना) सेकंदाला साधारण 2.5 ते 3.5 ग्रॅम हवा दाखवते, माझे 1.8 ग्रॅम दाखवत होते. मीटरच काढून टाकून मॅनिफोल्डमधल्या दाबावर गाडी चालवण्याचा मार्गही आहे, पण त्यात मॅपिंग जास्त नेटके लागते, आणि मॅपिंगच्याच बाबतीत मी नाडला गेलो होतो.

पैसे परत मागितले तेव्हा मालक शांतपणे म्हणाला, "तक्रार करा ना साहेब, पण आधी गाडी आरटीओला दाखवा." मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीत असे फेरफार करायला मनाई आहे, हे त्याला पक्के ठाऊक होते, आणि माझ्यासारखी गिऱ्हाइके गप्प बसतात ती याचमुळे. मी दोन महिने गप्प बसलो. नंतर यूपीआयच्या नोंदी, ईसीयूची फाइल आणि लेबलाचे फोटो जोडून ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली. मीटर मात्र पिशवीत बांधून माझ्याजवळच ठेवला आहे, कारण तो "तपासायला" म्हणून मालकाने दोनदा परत मागितला आहे.