घारापुरी की कान्हेरी? मुंबईत एकच दिवस हाताशी असेल तर

दोन्ही ठिकाणी लेणी आहेत आणि दोन्ही सोमवारी बंद असतात. साम्य जवळपास इथेच संपतं. घारापुरी तर कागदोपत्री मुंबईतही नाही, रायगड जिल्ह्यात येते.

पाहुण्यांना लोक सहसा घारापुरीलाच नेतात, आणि त्यात गैर काही नाही. गेटवेवरून लाँचने तासाभराचा समुद्र, मग मुख्य लेण्यातला तो तीन मुखांचा सदाशिव. सुमारे २० फूट उंच. आपल्या डावीकडचं मुख उग्र, मिशा असलेलं. उजवीकडचं कोमल, हातात कमळ. मधलं डोळे मिटून स्वस्थ. युनेस्कोने १९८७ साली या लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो उगाच नाही. पण तिथे निवांतपणा शोधू नका. धक्क्यापासून वर शंभराहून जास्त पायऱ्या, दोन्ही बाजूंना माळा-टोप्यांची दुकानं, आणि हातातल्या पिशवीवर डोळा ठेवून बसलेली माकडं. सकाळची पहिली लाँच पकडलीत तरच सदाशिवासमोर थोडा वेळ शांतपणे उभं राहता येईल. ज्या दगडी हत्तीमुळे पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो मात्र तिथे नाही. तो आहे भायखळ्याला राणीच्या बागेत.

कान्हेरीला जायला समुद्र लागत नाही. बोरिवली स्टेशनवरून राष्ट्रीय उद्यानाचं फाटक जवळ आहे, पण तिथून लेणी आत सहा-सात किलोमीटर. बसने जा, चालत जायचा हट्ट नको. इथे शंभराहून जास्त लेणी आहेत. गर्दी असते ती तीन नंबरच्या चैत्यगृहापाशी (बौद्धांच्या प्रार्थनेच्या दालनापाशी), तिथल्या दोन उंच बुद्धमूर्तींसमोर फोटो काढणाऱ्यांची. फोटो झाले की बहुतेक जण परत फिरतात. तुम्ही मात्र कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी वर जा. मला कान्हेरी आवडते ती या वरच्या भागासाठी. एकेका भिक्षूची खोली, आत झोपायला दगडी ओटा, बाहेर पाण्याची पोढी (कातळात खोदलेलं टाकं), आणि डोंगरावरून वाहणारं पाणी त्या पोढीत आणून सोडणारे पन्हळ. पावसाळ्यात ते वाहताना दिसतात. नव्वद नंबरच्या लेण्यात अकराव्या शतकात येऊन गेलेल्या पारशांचे पहलवी (जुन्या फारसी भाषेतले) लेख आहेत, म्हणजे भिंतीवर नाव कोरण्याची हौस जुनीच.

मूर्तिकला म्हणून विचाराल तर घारापुरीची सर कान्हेरीला नाही. पण जून ते सप्टेंबर असेल तर कान्हेरीच. समुद्र खवळला की लाँच रद्द होतात. शेवाळावरून घसरणार नाहीत असे बूट मात्र घाला. गुडघे दुखणारे आजी-आजोबा बरोबर असतील तर पायऱ्या दोन्हीकडे आहेत. कान्हेरीत निदान पहिली काही लेणी पाहून खाली थांबता येतं, घारापुरीत मुख्य लेणंच पायऱ्यांच्या टोकाला. मुक्काम कुलाब्याला असेल तर घारापुरी, अंधेरीच्या पुढे असेल तर कान्हेरी. उलट केलंत तर अर्धा दिवस लोकलमध्येच जाईल.