जुन्या वॅगन-आरला स्टार्ट बटन: सहा महिने वापरून सांगते

माझी गाडी 2012 ची वॅगन-आर, पेट्रोल, हाताने गिअर टाकायची. इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या आमच्या पोर्चमध्ये ती पहिल्या दिवसापासून उभी असते आणि चालवणारी मी एकटीच. बटनाने सुरू होणाऱ्या गाडीची हौस मला कधीच नव्हती. उजव्या अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजला, तिथून हे सुरू झालं.

हा सांधा गेला की काय काय अडतं ते ज्याचं अडतं त्यालाच कळतं. बरणीचं झाकण, ओला पंचा पिळणं, कडी सरकवणं, आणि गाडीची चाबी. (इंदूरला आम्ही किल्ली क्वचितच म्हणतो, चाबीच म्हणतो.) फिजिओथेरपी करणाऱ्या मुलीने समजावून सांगितलं की चिमटीत एक किलोचा जोर दिला तर अंगठ्याच्या मुळाशी साधारण बारा किलोचा भार येतो. मी शाळेत छत्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, तरफेचा हा हिशोब मला लगेच पटला. चाबी तर चिमटीत धरून वर स्प्रिंगच्या विरुद्ध पिळायची असते. डिसेंबरच्या सकाळी दोनदा सेल्फ मारावा लागला की डोळ्यांत पाणी यायचं. लेक पुण्याहून म्हणायची, "आई, आता ऑटोमॅटिक घेऊन टाक." पण इंजिन ठणठणीत आहे, गाडीचा प्रत्येक आवाज मला ओळखू येतो. नुसती चाबी फिरवता येत नाही म्हणून गाडी विकायची, हे मनाला पटेना.

म्हणून बाहेरून बसवायचं किट घेतलं, साडेसहा हजारांचं. एक काळी पेटी, वायरींचा जुडगा, बटन, दोन रिमोट, दोन अँटेना. काम समजायला सोपं आहे. गाडीतली अँटेना सतत हलकी हाक मारत असते. रिमोट पर्समध्ये असला आणि आपण दीड-एक मीटरवर आलो की तो उत्तर देतो, दारं उघडतात. आत बसून ब्रेक दाबायचा, मग बटन. चाबीच्या मागे जाड वायरी असतात: एक बॅटरीकडून येणारी, बाकीच्या रेडिओकडे, इग्निशनकडे आणि सेल्फकडे जाणाऱ्या. चाबी फिरवताना आपण त्या ठरलेल्या क्रमाने जोडत असतो. किटमधले रिले (विजेने चालणारे स्विच) तेच करतात, फक्त हात लागत नाही.

किट बसवून घेतलं एका ॲक्सेसरीजच्या दुकानात. दोन तासांत गाडी हातात. मला तेव्हा काही कळत नव्हतं, म्हणून जे झालं ते उभं राहून पाहिलं. दुकानातल्या मुलाने माझी दुसरी चाबी मागितली, करवतीने तिचं डोकं कापलं, पातं चाबीच्या भोकात घालून एक घर फिरवलं आणि तसंच आत सोडून दिलं. का, तर स्टिअरिंग लॉक उघडं राहावं. डोक्यातली चिप टेपने चाबीच्या कड्याला बांधून टाकली, का तर इमोबिलायझरला (चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेला) ती कायम दिसत राहावी. म्हणजे चोराला जी गोष्ट मिळू नये म्हणून कंपनीने एवढी योजना केली, ती आम्ही डॅशबोर्डखाली कायमची ठेवून दिली. वायरी सोलल्या, पिळल्या, वर काळी टेप. हिशोब झाला, बाराशे रुपये.

अकराव्या दिवशी सकाळी नऊला चोइथराम चौराह्यावर उजवीकडे वळत होते. मंडीतून बटाट्याचे ट्रक बाहेर पडायची ती वेळ. ब्लोअर चालू होता. एकदम सगळं बंद, मीटर काळा, इंजिन गप्प. या गाडीचं पॉवर स्टिअरिंग विजेवर चालतं, ते त्याच क्षणी गेलं आणि चाक दगडासारखं जड झालं. इंजिन बंद पडल्यावर ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये एक-दोन वेळा पुरेल एवढाच निर्वात (व्हॅक्यूम) उरतो, हे मला माहीत होतं. म्हणून ब्रेकवर पाय मारत बसले नाही, एकदाच लांब दाबला आणि गाडी कडेला नेली. चाक दोन्ही हातांनी ओढताना अंगठ्यात जी कळ गेली ती चार दिवस राहिली. डॅशबोर्डखालून जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. एका भाजीवाल्या भैयाने आणि ट्रॅफिकच्या शिपायाने गाडी ढकलून बाजूला लावली. दोघांचीही नावं विचारायची राहिली, त्याची खंत आहे.

कारण साधं होतं. चाबीच्या मुख्य वायरीतून ब्लोअर, इंजिनाचं इग्निशन, सगळ्यांचा करंट जातो. समजा वीस ॲम्पिअर. नुसत्या पिळलेल्या जोडात एका ओहमचा विसावा भाग एवढा जरी रोध असला तरी तिथे वीस वॅट उष्णता तयार होते. शाळेच्या प्रयोगशाळेत आमचं सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटचं होतं. म्हणजे टेपमध्ये गुंडाळलेलं जवळपास एक सोल्डरिंग आयर्न माझ्या गुडघ्यापाशी अकरा दिवस तापत होतं. दुकानात गेले तर ऐकवलं, गाडीची वायरिंगच जुनी आहे. मी वाद घातला नाही, पण बाराशे रुपये आणि तो वास विसरलेही नाही.

भाच्याने मला इंदूरच्याच नवलखा भागात नेलं, एका गल्लीत. तिथे एक जण फक्त गाड्यांची वायरिंग करतात. त्यांनी डॅश उघडून पाहिला आणि पहिलं वाक्य बोलले, "आंटीजी, किट ठीक है, काम गलत हुआ है." गाडी दोन दिवस ठेवून घेतली, काम होताना बसायला खुर्ची दिली, आणि विचारेन ते सगळं दाखवलं. पुढचं सगळं त्यांच्याकडून शिकलेलं आहे.

सर्वांत आधी चाबीचा अख्खा खटका त्यांनी बाहेर काढला, तुटकं पातं ओढून काढलं आणि लॉकची खिट्टी माझ्या तळहातावर ठेवली. बोटाच्या पेराएवढी पोलादी खिट्टी. चाबी काढली की स्प्रिंगच्या जोरावर ही पुढे येते आणि स्टिअरिंगच्या दांड्यातल्या खाचेत बसते. बटनाच्या गाडीत चाबी नसते, मग ही खिट्टी आपली चालत्या गाडीत पुढे येऊ शकते. माझ्या गाडीत ती अडवून धरली होती ती करवतीने कापलेल्या पात्याने. ते पातं हादऱ्याने सरकलं असतं तर? मी ती खिट्टी तळहातावर धरून बराच वेळ बसले होते. त्यांनी ती काढूनच टाकली. आता माझ्या गाडीला स्टिअरिंग लॉक नाही, ही खरी उणीव आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. बाहेरगावी मुक्काम असला की गिअरचं वेगळं कुलूप लावते. ते उघडताना अंगठा दुखतो, पण रोज नाही.

वायरी त्यांनी एकही कापली नाही. मूळच्या कपलरला (वायरींच्या प्लगला) बसेल असे नर-मादी दोन कपलर आणले आणि किट मधे घातलं, म्हणजे उद्या नको झालं तर कपलर काढून मूळ जागी लावला की गाडी होती तशी. जोड सोल्डर करून वर स्लीव्ह, प्रत्येक मोठ्या वायरीला आपापला फ्यूज. चाबीही चालू ठेवली: किटचा फ्यूज काढून मी चाबीने गाडी सुरू करून पाहिली. चिपसाठी तिसरी चाबी बनवून घेतली, ती एका डबीत बसवली आणि मधे रिले टाकला. रिमोट ओळखला गेल्यावरच इमोबिलायझरला ती चिप दिसते. मूळ चाबी कपाटात शाबूत आहे. गाडी चोरीला गेली तर विमेवाले मूळ चाब्या मागतात, हे दुकानात कोणी मला सांगितलं नव्हतं. माझी एक तर करवतीखाली गेली. विमा कंपनीला किटबद्दल आणि त्या चाबीबद्दल मेल करून ठेवली आहे, पोच जपून ठेवली आहे.

आता जे सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. ही किटं मुळात ऑटोमॅटिक गाड्यांच्या हिशोबाने असतात. कागदावरचा नकाशा पाहिला तर फक्त ब्रेकची वायर विचारतात, क्लचची नाही. आमच्या पोर्चला उतार आहे, म्हणून तीस वर्षांच्या सवयीने मी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवते. ब्रेक दाबून बटन दाबलं की सेल्फ गाडीला पुढे हिसका देतो. पहिल्या अकरा दिवसांत दोनदा तो हिसका बसला होता, समोर तुळशीचं वृंदावन आहे. नवलख्याच्या भैयांनी क्लचच्या पेडलला पत्र्याची पट्टी लावून छोटा स्विच बसवला आणि तो ब्रेकच्या वायरीत मालिकेत जोडला. दोन्ही पाय दाबल्याशिवाय बटन आता काम करत नाही.

याहून मोठा धोका रिमोट स्टार्टचा. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, घरात बसून गाडी सुरू करा, एसी थंड करून ठेवा. इंदूरच्या मे महिन्यात कोणाला मोह होणार नाही! पण गाडी गिअरमध्ये असली आणि आत कोणी नसलं, तर ती सुरू होऊन चालू लागेल. कोणाचं लेकरू समोर खेळत असेल. हाताने गिअर टाकायची गाडी असेल तर ही सोय बंदच करून घ्या, हात जोडून सांगते. माझ्या किटमध्ये ती वायर जोडलेलीच नाही, टोक सोल्डर करून बंद केलं आहे.

वापराबद्दल. बटन मी तर्जनीच्या मधल्या सांध्याने दाबते, अंगठ्याचा संबंधच येत नाही. खंडवा रोडला विद्यापीठाच्या सभागृहात सानंद या इथल्या मराठी संस्थेचं नाटक असतं, ते सुटून पार्किंगमध्ये यायचं, पाऊस पडत असायचा, हातावर अंगठ्याला आधार देणारा स्प्लिंट, एका हातात छत्री. पूर्वी त्या क्षणाची धास्ती वाटायची. या जुलैत मी नुसतं दार ओढलं, बसले, दोन्ही पाय दाबले आणि निघाले. शेजारच्या सीटवर बसलेल्या मैत्रिणीला काही वेगळं घडलं हे कळलंही नाही. मला कळलं.

किटबद्दल तक्रारी आहेत. रिमोट दिवाणखान्यातल्या खणात ठेवला तर पोर्चमधली गाडी रात्री आपोआप उघडते-मिटते, अंतर अगदी काठावर येतं. शिवाय रिमोटचा सिग्नल यंत्राने लांबवून गाडी उघडायची चोरांची रीतही आहे. म्हणून रिमोट घरी आल्यावर स्टीलच्या झाकणाच्या डब्यात जातो. डबा हातात धरून गाडीला टेकून पाहिलं, दार उघडलं नाही, मगच विश्वास ठेवला.

दुसरं, गाडी उभी असतानाही हे किट करंट खातं. मल्टीमीटर लावून मोजलं: फ्यूज काढून 20 मिलिॲम्पिअर, लावून 45. दिवसाला एक ॲम्पिअर-तासाहून थोडं जास्त. बॅटरी 35 ॲम्पिअर-तासांची. लेकीकडे तीन आठवडे राहून आले तर निम्म्याहून जास्त रिकामी. रोज चालणाऱ्या गाडीला फरक पडणार नाही, पण लांब जाताना मी फ्यूज काढून ठेवते आणि परत आल्यावर लावते.

रिमोटमधला सेल 2032 नंबरचा, कुठेही मिळतो, माझा पाच महिने चालला. सेल मेला तर सोबत मिळालेलं छोटं कार्ड स्टिअरिंगखाली ठरलेल्या जागी टेकवायचं. मी सेल काढून मुद्दाम करून पाहिलं, चाललं. पण ती जागा शोधायला चाचपडावं लागतं, म्हणून तिथे लाल टिकली चिकटवली आहे. बटनाचा निळा दिवा रात्री डोळ्यांवर येतो, तो कमी करता येत नाही.

खर्च: किट 6,500, पहिल्या दुकानाचे वाया गेलेले 1,200, नवलख्याची मजुरी सामानासकट 3,800, चिपवाली चाबी 2,500. एकूण चौदा हजार. किटला पाचपैकी तीन देईन, नवलख्याच्या कामाला पूर्ण पाच. बसवायला जाल तेव्हा आधी विचारा की स्टिअरिंगच्या खिट्टीचं काय करणार आणि क्लचचा स्विच बसवणार का. समोरचा गोंधळला तर गाडी तशीच घरी आणा.

क्लचच्या स्विचची ती पट्टी आता जरा सैल झाली आहे, दोनदा पेडल जोरात दाबावं लागतं. या शनिवारी नवलख्याला जाऊन कसून घेणार आहे.