चार फ्रेमचे पैसे घेतले, फ्रेम एकही नव्हती

कार्यक्रम तीन दिवसांवर आला होता. टी-शर्ट वाटायला खोका फोडला आणि वरचाच शर्ट उलगडून मी थांबले. मरून कापडावर पांढरीशुभ्र अक्षरं मागितली होती, ही तर गुलाबीसर. माल ताब्यात घेताना दोन शर्ट उघडून पाहिले होते, तेव्हा पांढरीच होती. छापणाऱ्याला फोन लावला. "उजेडात बघा मॅडम, शेड तशी वाटते." उजेडात नेला, जास्तच गुलाबी दिसला.

ऑर्डर होती ३०० टी-शर्टची. शंभर टक्के कॉटन, तीन रंगांचं डिझाइन, स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या जाळीतून शाई कापडावर उतरवायची. ती चौकट म्हणजे फ्रेम. बिलात चार फ्रेमचे वेगळे पैसे लावले होते. तीन रंगांना चार फ्रेम कशा, असं मी तेव्हाच विचारलं होतं. तो म्हणाला, प्रत्येक रंगाला एक फ्रेम, आणि कापड गडद असलं की खाली आधी पांढऱ्याचा एक थर मारावा लागतो, त्याची चौथी. उत्तर अगदी बरोबर होतं, आणि तिथेच मी निर्धास्त झाले. फसवणाऱ्याला धंदा कळत नसतो, असा आपला उगाचच समज असतो.

गुलाबी रंगाचं कोडं दुसऱ्या एका छापखान्यात सुटलं. तिथल्या काकांनी शर्ट हातात घेतला, चुरगळला आणि म्हणाले, "हे कॉटन नाही." पॉलिस्टर ज्या रंगाने रंगवतात तो तापला की वायुरूप होतो आणि वरच्या पांढऱ्या शाईत चढतो. कधी छापताना लगेच, कधी खोक्यात पडल्यापडल्या दोन-चार दिवसांनी. माझ्या शर्टांचं तेच झालं होतं. कॉटनच्या रंगाचं असं होत नाही.

खात्री करायला त्यांनी खालच्या कडेतून एक धागा उपसला. शिवणीचा दोरा घ्यायचा नाही, कापड कॉटनचं असलं तरी तो बहुतेकदा पॉलिस्टरचाच असतो. चिमट्यात धरून काडी लावली. धागा पेटण्याआधीच आकसला, वितळला आणि टोकाला काळा, कडक मणी राहिला. शेजारी खऱ्या कॉटनचा धागा जाळून दाखवला. तो कागदासारखा जळला, वास कागदाचाच, आणि राख बोटांत भुगा झाली.

मग त्यांनी भिंग दिलं. "निळा रंग बघा." स्क्रीनने छापलेला निळा म्हणजे डब्यात कालवलेली एकच शाई, भिंगाखालीही सपाट निळी. माझ्या शर्टवर निळ्या जागी वेगवेगळ्या रंगांचे बारीक ठिपके शिंपडल्यासारखे दिसत होते. अक्षरांच्या कडेला केसाएवढी पारदर्शक किनार होती. एका कोपऱ्यात नख घातलं तर सालपट उचललं गेलं. हे स्क्रीन प्रिंटिंग नव्हतंच, डीटीएफ (डायरेक्ट टू फिल्म) होतं. प्लॅस्टिकच्या फिल्मवर इंकजेटने चित्र छापायचं, मागून गोंदाची पावडर भुरभुरायची, वितळवायची आणि शर्टवर गरम प्रेसने दाबायचं. फ्रेम लागत नाही, एकही.

डीटीएफ वाईट असतं असं अजिबात नाही. नीट दाबलं तर धुलाईला टिकतं आणि त्यात हवे तितके रंग येतात. फक्त त्याचा प्रत्येक नगाचा खर्च एका शर्टला जेवढा, जवळपास तेवढाच तीनशेलाही. स्क्रीनचं उलटं आहे. सगळा खर्च सुरुवातीला फ्रेम बनवण्यात, मग नग वाढतील तसा तो वाटला जातो. म्हणून तर मी स्क्रीन निवडलं होतं. या गृहस्थाने सुरुवातीचा खर्च एका पद्धतीचा लावला आणि काम दुसऱ्या पद्धतीने उरकलं.

घरी येऊन फोल्डर काढले. तेही त्याच छापणाऱ्याकडून छापून घेतले होते, २५० प्रती, घडीचे, दोन्ही बाजू रंगीत. बिलात ऑफसेटच्या, म्हणजे प्लेटवरून शाईने करायच्या छपाईच्या, आठ प्लेट, एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला चार. घडीवर रंग तडकून पांढरी रेघ उमटली होती. तिरप्या उजेडात धरलं तर काळी अक्षरं चकाकत होती, नखाने खरवडल्यावर कपचा निघाला. म्हणजे हे डिजिटल यंत्राच्या टोनरचं, रंगाच्या पुडीचं, काम होतं. टोनर कागदावर बसतो, ऑफसेटची शाई कागदात मुरते. खरं तर २५० प्रतींसाठी ऑफसेटच्या वाटेला कोणी जातच नाही. यंत्रावर प्लेट चढवून रंग जुळेपर्यंतच कितीतरी कागद वाया जातो. डिजिटलच योग्य होतं. मग आठ प्लेटचे पैसे कशाचे?

त्याच्याकडे गेले. भांडण न करता एवढंच म्हटलं, "मी पैसे भरलेल्या चार फ्रेम बघायच्यात." तो म्हणाला, धुऊन टाकल्या. हे खोटं म्हणता येत नाही, फ्रेम धुऊन परत वापरतातच. "मग ज्यांच्यावरून फ्रेमवर डिझाइन उठवतात त्या पॉझिटिव्ह फिल्म दाखवा. आणि प्लेट?" यावर तो मोबाइल बघायला लागला. शेवटी म्हणाला, "तुम्हाला छपाई हवी होती, छपाई दिली ना?" बिलावर खरोखरच "प्रिंटिंग", "फ्रेम" आणि "प्लेट" एवढंच होतं. कापड कोणतं, पद्धत कोणती, सगळं तोंडी ठरलेलं. कोऱ्या शर्टचा आणि छापलेल्या शर्टचा एकेक नमुना आधी मागितला असता तर दोन्ही गोष्टी तिथेच पकडल्या असत्या, पण घाई माझी होती. तासाभराच्या वादानंतर प्लेटचे पैसे परत मिळाले, फ्रेमचे नाही.

पुढे आणखी ६० शर्ट लागले. काकांकडे गेले आणि ऐटीत सांगितलं, "स्क्रीनच करा, फ्रेम मला दाखवा." ते हसले. "साठ नगांना चार फ्रेम कशाला? डीटीएफ करू." मग त्यांच्यासमोर बसून ऑर्डरच्या कागदावर लिहून घेतलं: कापड शंभर टक्के कॉटन, छपाई डीटीएफ, फ्रेम नाही, आधी एक नमुना. नमुना घरी नेऊन पाच वेळा धुतला. अक्षरं अजून पांढरीच आहेत.